मी बांधलेले हात

कार्तिक वद्य ८, मंगळवार
सुभी मचाणावरून पडली. ज्वारीवरची पाखरं हाकलून रायली होती, गोफण फिरवता फिरवता पायाखालची लाकडाची बल्ली मोडली. उजवा हात गेला, मनगटाच्या वर. नऊ वर्षांची पोट्टी, सारं शिवार गोळा केलं रडून. माह्या किसनले म्हणलं, लेका, बल्ल्या कुजल्या तरी तुहे डोळे उघडत नाही, अन् पोटच्या पोरीले वर चढवते.
हाड मीच बसवलं. उडदाचं पीठ थापलं, चार कामट्या लावल्या, दोरी आवळली. गावातल्या निम्म्या हातापायाइले माही गाठ लागली आहे. मोटेच्या दोरावरून फेकलेले, बैलानं शिंगावर घेतलेले, चिंचेवरून पडलेले. आता घरची पोट्टी. तिले सांगतलं, हलवशील तर हात जाईन.

वद्य १०, गुरुवार
बोटं सुजली. "आजी, सोड वो," एवढंच लावलं आहे तिनं. कासी म्हणे, "आत्याबाई, बोटं थंडी लागून रायली. जरा सैल करा ना." सुनेनं आता मले शिकवावं. म्हणलं, "तुह्या बापाच्या घरी हाडं बसवत होते का?"
सैल केलं का हाड सरकते. मायनं मले असंच शिकवलं.
कासी चुलीपाशी डोळे पुसे. धूर म्हणे.

वद्य १३, रविवार
सकाळी सुभी म्हणे, दुखत नाही आता. मले वाटलं, उतार पडला. काय अक्कल.
बोटं काळी. कासीनं मले विचारलंही नाही, विळा घेतला अन् दोरी कापली. वास आला. किसन बंडी जुंपाले धावला.
चांदूरहून आगगाडी, बडनेऱ्याले बदलली. सुभी पहिल्यांदा आगगाडीत. फलाटावरची गर्दी पाहून म्हणे, "आजी, हे सारे कुठं जाऊन रायले?" म्हणलं, कामाले. "साऱ्याइलेच काम आहे?" तापलेली होती, तरी बोले.

अमावस्या, मंगळवार. अमरावती, दवाखान्यात
हात काढला. कोपराखालून.
डॉक्टर किसनच्या वयाचा. म्हणे, हाड साधं मोडलं होतं, जुळलं असतं. बांधणं इतकं घट्ट, रक्तच पोचलं नाही. "कोणी बांधलं हे?" किसन खाली पाहे. कासी बोलली असती तर हक्क होता तिचा. तीही नाही बोलली. मीच म्हणलं, मी.
त्यानं कागदावर लिहून घेतलं. शिव्या देता तर बरं झालं असतं.
सुभी शुद्धीवर आली तर पहिलं हेच, "आजी, मी नवता हलवला वो." मग, "झोपेत हलला असन."
मी तिच्या तोंडाले पाणी लावलं.

मार्गशीर्ष शुद्ध ८, बुधवार
घरी आलो. दुपारी नामदेवच्या मळ्यात गेली. त्याचा हात मी बांधला होता, सुभी तवा जन्मलीही नवती. तवापासून त्याची बोटं मिटलेली, उघडत नाही. मी त्याले म्हणलं होतं, तू हलवला असशील. त्यानं मान्य केलं. दर दसऱ्याले पहिला झेंडू माह्या दारी टाकते.
आज हात धरून पाह्यला. उलटा, सुलटा.
"काय पाह्यते, माय?"
"काही नाही."
"तूच वाचवला हा. नाईतर गेलाच होता."
माहं तोंड साऱ्या गावाले पुरून उरते, अन् तिथं त्या झेंडूच्या वाफ्यात उभी राहून मले एक खरी गोष्ट सांगता नाही आली.

शुद्ध १२, रविवार
गावातल्या परसरामनं बापाले आणलं. बंडीच्या चाकाखाली पाय आला म्हाताऱ्याचा. नडगी वाकडी दिसे. म्हणलं, बैल सोडू नको, असाच अमरावतीले ने.
"काहून आजी, रुसली का? हाडाले तुह्यावाणी हात नाही कोणाचा."
सुभी ओट्यावर होती. म्हणे, "बांध ना आजी. ते मोठे आहेत. ते नाही हलवणार."
मग बोलली मी. साऱ्याइसमोर. "सुभे, तू हलवला नवता. हलल्यानं नाही गेला. मी आवळला म्हणून गेला तुहा हात."
म्हातारा कन्हत कन्हत परसरामले म्हणे, "पोट्टीच्या दुःखानं फिरली बुढी." बंडी वळवली त्याइनं. चांदूरले गेली का दुसऱ्या गावच्या बांधणाऱ्याकडं, कोणाले ठावं.
सुभी तिथंच बसून. बंडी दिसेनाशी झाल्यावर म्हणे, "मायनं सांगतलं होतं तुले, सैल कर."
"हो."
"मीबी म्हणलं होतं."
"हो."
उठली, आत गेली. कंगवा घेऊन कासीपुढं बसली. वेणी रोज माह्याकडून घालून घेते.