गुडघ्याची केस

४ फेब्रुवारी
सकाळी ही म्हणाली, वही आणा. कोपऱ्यावरच्या दुकानातून जाड पुठ्ठ्याची, चांगली शिवलेली वही आणली. हिने कपाळाला हात लावला. म्हणे, दही सांगितलं होतं. हल्ली कोणी स्पष्ट बोलतच नाही. ही तर तोंडातल्या तोंडात पुटपुटते आणि मग एकदम ओरडते. मधली पायरीच नाही.

असो. वही फुकट कशाला घालवा? आजपासून रोजनिशी. विषय एकच. माझा डावा गुडघा.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. तोफखान्यात उभी हयात काढली, हवालदार होऊन रिटायर झालो. एकदा सरावात तोफेचं चाक गुडघ्यावरून गेलं. तेव्हा अंगात रग होती, लक्ष दिलं नाही. आता जिना चढताना कळ येते. काल बातमी लागली की आमच्या युनिटमधल्या ड्रायव्हरला पाठदुखीबद्दल अपंगत्वाचं पेन्शन मंजूर झालं. ड्रायव्हरला! जो सगळी नोकरी बसून होता!

पैशाचा प्रश्न नाही. सरकारने कागदावर लिहून द्यावं की हा गुडघा नोकरीत कामी आला, एवढंच. केस सरळ आहे. महिन्याभरात निकाल.

७ फेब्रुवारी
माजी सैनिकांच्या ऑफिसात गेलो. काचेआड क्लार्क. काचेला बशीएवढं भोक, त्यातून तो बोलणार आणि आपण ऐकायचं. त्याने पहिलाच प्रश्न केला, रक्कम कितीची? माझं डोकं फिरलं. त्याला ठणकावून सांगितलं की मी रकमेसाठी आलेलो नाही, मानासाठी आलोय, आणि सैनिकाला असा प्रश्न विचारायची लाज वाटली पाहिजे. सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. मागे उभ्या असलेल्या बाईंनी पुढे वाकून, अगदी माझ्या तोंडाजवळ तोंड आणून सांगितलं, की तो जखम कधीची म्हणून विचारतोय.

मग नीट उच्चार करावेत माणसाने.

क्लार्कने अर्ज घेतला. म्हणाला, जखम पाहिलेला कोणी साक्षीदार असेल तर त्याचं लेखी आणा. (हे त्याने एका चिठ्ठीवर लिहून दिलं. आदर वाटू लागला असावा.)

११ फेब्रुवारी
साक्षीदारासाठी ड्रायव्हरकडे. पेन्शन मिळाल्यापासून पाठीला उशी लावून बसतो. चहा पाजला. माझं काम सांगितलं तर तो पठ्ठ्या म्हणतो, चाक गेलं ते तुझ्या गुडघ्यावरून नाही. ते दुसऱ्या हवालदाराच्या, त्या उंच मिशीवाल्याच्या. मीच त्याला माझ्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं, तू मागे बसून त्याचं डोकं मांडीवर धरलं होतंस.

मी म्हटलं, आठव नीट. तो म्हणाला, मला त्याच्या शिव्यासुद्धा आठवतात.

पाठदुखीचा स्मरणशक्तीवर परिणाम होत असावा. बिचारा. साक्षीदाराचा नाद सोडला. खऱ्याला साक्ष लागत नाही.

रात्री अंथरुणात पडून विचार केला. मांडीवर डोकं होतं हे खरं. पण मांडीला लागूनच गुडघा असतो.

१९ फेब्रुवारी
मुलगी आणि जावई आले. टीव्ही चांगला लागला होता, मुलीने येताक्षणी रिमोट घेऊन आवाज एकदम खाली केला. मग नुसती माणसं तोंडं हलवताना बघायची. सोडून दिलं. पाहुणी आहे.

जेवताना जावई बराच वेळ काहीतरी समजावत होते. माणूस सज्जन, पण आवाज असा की जणू गुपित सांगतोय. मानेचं एकदा दाखवून घ्या, मानेचं दुखणं अंगावर काढू नये, वगैरे. मी म्हटलं, जावईबापू, मान उत्तम आहे, परेडची मान आहे ही, बघा. आणि डावीकडे, उजवीकडे, वर, खाली करून दाखवली. मुलगी जेवणावरून उठून आत गेली. खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, कळलं नाही. बापाच्या गुडघ्याची काळजी असेल.

२ मार्च
आज फारच थोडक्यात वाचलो. ऑफिसात अर्जाचं काय झालं विचारून परत येत होतो. घरासमोरचा रस्ता ओलांडताना मागून ट्रक आला. हॉर्न नाही, काही नाही! लोक हात करताना दिसले म्हणून वळलो, तर ट्रकचं नाक हातभर अंतरावर. मी उडी मारली, थेट फुटपाथवर. ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून बराच वेळ तोंड हलवत होता. वर तोंड करून मलाच!

चिंतेची बाब अशी की उडी डाव्या पायावर मारली. अपंगत्व तपासणाऱ्या मेडिकल बोर्डाचं कोणी आसपास नव्हतं ना?

ही धावत खाली आली होती, अनवाणी. चेहरा पांढरा. तक्रार केली नाही, रागावली नाही. माझी बाही धरली ती जिना चढून वर येईपर्यंत सोडली नाही. संध्याकाळभर स्वयंपाकघरात होती. बायकांचं मन हळवं असतं. उद्या त्या ट्रकवाल्याची तक्रार करणार.

३ मार्च
ट्रकचा नंबर घेतलाच नव्हता.

९ मार्च
बोर्डाची तारीख आली! सोळा तारखेला मेडिकल. सोबत घरचं एक माणूस आणावं असं लिहिलंय. हिला तयार करायला बसलो. म्हटलं, काय सांगायचं ते पाठ कर. जिना चढताना कळ, थंडीत ठणका, खाली बसता येत नाही. ही म्हणाली, जे खरं आहे ते सगळं सांगेन. (दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.) साक्षीदार मिळाला.

लंगडण्याचा सराव सुरू. आरशासमोर. फार लंगडलं तर खोटं वाटतं, कमी लंगडलं तर दिसत नाही. मध्यम ठेवणार.

१६ मार्च, दुपार
बोर्ड पार पडलं. उत्तम झालं. एक बारीकशी गोष्ट सोडली तर.

बाहेर बाकावर पाय लांब करून, चेहऱ्यावर सोशिक भाव आणून बसलो होतो. एवढ्यात दार उघडून डॉक्टरीणबाई आल्या. अंगावर युनिफॉर्म, खांद्यावर कर्नल. पुढचं माझ्या हातात नव्हतं. मी ताडकन उभा राहिलो, टाचा अशा आपटल्या की फरशी हादरली, आणि कडक सलाम. बाईंनी सलाम घेतला, गुडघ्याकडे पाहिलं आणि काहीतरी टिपून घेतलं. शिस्तीबद्दल असेल.

आत गुडघा वाकवला, सरळ केला, दाबला. मी योग्य ठिकाणी आई गं म्हणालो. मग त्यांनी तोफेवरचं काम विचारलं. तिथे मात्र मी खुललो. बाईंना सांगितलं की मी तोफेला खेटून उभा राहायचो, कानात कधी बोळा घातला नाही, नवी पोरं घालायची, खरा तोफची तोंड उघडून उभा राहतो. बार झाला की दोन दिवस डोक्यात शिट्टी वाजायची, त्याची सुद्धा मजा वाटायची. बाई मन लावून लिहीत होत्या. गुडघ्याच्या वेळी एवढं लिहिलं नव्हतं, पण माणसाचा सगळा इतिहास लागतोच.

मग त्या माझ्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि बराच वेळ गप्प होत्या. वळून पाहिलं तर त्या आणि ही एकमेकींकडे बघत होत्या. हिच्या डोळ्यांत पाणी. बाईंनी मला बाहेर बसवून हिच्याशी खूप वेळ बोलणं केलं. माझ्या बायकोने किल्ला लढवला म्हणायचा!

शेवटी एका मुलीने मला लाकडी खोक्यासारख्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. विश्रांतीची सोय असावी. संगीत लावायचं विसरले. बराच वेळ बसून राहिलो, मग बाहेर येऊन तिला सांगितलं की तुमचं मशीन बंद आहे, दुरुस्त करून घ्या. ती गोड हसली.

५ एप्रिल
निकाल आला.

गुडघा : कोणतेही अपंगत्व आढळले नाही.

खाली आणखी एक ओळ. दोन्ही कानांचे श्रवण गंभीर प्रमाणात कमी, कारण तोफांचा आवाज, म्हणजे नोकरीच. पेन्शन मंजूर. कानाची मशीनं मोफत.

म्हणजे गुडघा चांगला आणि कान खराब! माझा कागद कुणा दुसऱ्याच्या फायलीत गेलाय. मी अर्जात कानाचा कानामात्रासुद्धा लिहिला नव्हता. हा बहिरेपणाचा आरोप आहे आणि मी तो फेटाळतो. उद्या अपील.

६ एप्रिल
अपील लिहायला बसलो. मंजूर झालेलं पेन्शन रद्द करा, असा अर्ज त्या ऑफिसात आजवर कोणी दिला नसेल. मुलीचा फोन. ओरडून म्हणाली, बाबा, अभिनंदन. मी ओरडून म्हटलं, कशाचं? तिने फोन जावयांना दिला. त्यांनी परत मानेचं काढलं. मग माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला की ते मान म्हणत नसावेत.

ठेवून दिला.

७ एप्रिल
अपिलाचा कागद हिने काढून घेतला. आधी ओरडली. म्हणाली, तुमच्या गुडघ्याला काय धाड भरलीय, घसा माझा बसलाय. आपल्या घरात काय चाललंय ते अख्ख्या बिल्डिंगला कळतं, फक्त तुम्हाला कळत नाही.

मी म्हटलं, लोक पुटपुटतात.

मग ती समोर खुर्ची ओढून बसली. माझ्या डोळ्यांत बघत, ओरडली नाही, एकेक शब्द सावकाश म्हणाली. त्या दिवशी ट्रक हॉर्न वाजवत होता. मी गॅलरीत होते. गल्लीतली सगळी माणसं वळली. तुम्ही वळला नाहीत.

यावर आज काही लिहीत नाही.

८ एप्रिल
ड्रायव्हर येऊन गेला. कानांचं कळल्यावर टाळ्या पिटल्या. म्हणाला, त्या मिशीवाल्याचा गुडघा सोड की आता, त्याचा त्याला राहू दे.

अपील तूर्त स्थगित. मशीनं निषेध नोंदवून स्वीकारायची ठरवली.

२१ एप्रिल
मशीनं बसवली. वालाच्या दाण्याएवढी. त्या खोक्यावाल्या मुलीनेच बसवली. चालू केल्याबरोबर दचकलो. तिच्या बांगड्यांचा आवाज. पंख्याचा आवाज. माझ्याच चपलांचा, बाप रे. रस्त्यावर दर मिनिटाला कोणीतरी हॉर्न देतं. इतके हॉर्न देतात लोक?

संध्याकाळी ही ओट्याशी पाठ करून काम करत होती. हळूच म्हणाली, स्वतःशीच, दमले बाई आज. मी म्हटलं, मग बस जरा, मी करतो.

हिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. वळली आणि बघतच राहिली. मग पुन्हा, त्याच हळू आवाजात विचारलं, ऐकू आलं? हिचा आवाज इतका बारीक आणि गोड आहे हे मी विसरलो होतो. हो म्हटलं. आणि पातेलं हिच्या हातातून घेतलं.

नंतर दोघांनी मिळून भांडी घासली. भांडीसुद्धा फार बोलतात.

२२ एप्रिल, सकाळ
मोठी बातमी! चहाला बसताना स्पष्ट ऐकलं. कर्रर्र! उठलो, पुन्हा कर्रर्र. गुडघा! इतकी वर्षं बिचारा ओरडत होता आणि मला ऐकू येत नव्हतं. नोकरीने कान नेले, त्यामुळे नोकरीने नेलेला गुडघा मला ऐकू आला नाही. याहून भक्कम पुरावा कुठला? क्लार्कला, कर्नलबाईंना, ड्रायव्हरला, सगळ्यांना ऐकवतो. अपिलाचा मसुदा मनात तयार. हिला हाक मारली. तिच्यासमोर चार वेळा उठलो, बसलो. चारही वेळा कर्रर्र.

२२ एप्रिल, थोड्या वेळाने
हिने पलंगावर बसवून बघितलं. उठलो, बसलो. काही नाही. स्टुलावर. काही नाही. मग ही स्वतः माझ्या खुर्चीत बसली.

कर्रर्र.

स्क्रू आवळले, तेल घातलं. गुडघा, नाइलाजाने नोंद करतो, ठणठणीत आहे.