दारापुढची खडी

बाबा,

रात्री बर्फ पडला. या आठवड्यात फुटपाथ साफ करायची पाळी आपली आहे, म्हणून बर्फ मी लोटलाय आणि लॅबला निघालेय. फावड्याला हात लावू नका, डॉक्टरांनी बजावलंय.

पाय घसरू नये म्हणून टाकतो ती खडी मात्र राहिली. बादली दाराशी आहे. मीठ नको, त्याने झाडांची मुळं जळतात.

आई चिमटीने रांगोळीसारखी खडी सोडायच्या आणि तुम्ही खिडकीतून म्हणायचात, "अगं, मूठभर फेक की!" परवा शेजारच्या फ्राऊ केलर विचारत होत्या, यंदा ठिपके का नाहीत? मला ते जमत नाही.

आई गेल्यापासून तुम्ही दाराबाहेर पडला नाहीत. पण फ्राऊ केलर नऊला काठी टेकत पाव आणायला जातात. त्याआधी खडी टाका. तुमचे बूट हीटरजवळ ठेवलेत, गरम असतील.

ऊर्मिला