बाविसाव्या मिनिटाचा वास

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. तरी मोठ्या कामाची सुरुवात कधी झाली ते लिहिलेलं असावं.

सिनेमा नुसता पाहून-ऐकून भागत नाही. वारा, ऊब, थरथर, तुषार, वास हेही द्यायचं. कोणता इफेक्ट कितव्या सेकंदाला, किती वेळ, किती जोरात, हे सगळं एका फाइलमध्ये लिहायचं. याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे! पहूर बसस्टँडवर ते वाचलेला माणूस मी एकटा. (अकरा पानं झाली. बाकीची ओघात.)

बायकोने, हेमलताने, संक्रांतीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर लीला डिजिटल स्टुडिओ चालला तर ठीक, नाहीतर शटर खाली आणि मी तिच्या भावाकडे. मगनभाऊंना जळगावच्या केळी पिकवण्याच्या चेंबरवर भरवशाचा माणूस हवाय. मी शब्द देऊन टाकला. तशी वेळ येणारच नाही, मग शब्द द्यायला काय जातंय.

२६ नोव्हेंबर, बुधवार.

रतिलाल अण्णा भांडायला आले होते. त्यांच्या कामिनीचं लग्न मे महिन्यात झालं, फिल्म अजून माझ्याकडेच. मी त्यांना फिल्मऐवजी शो विकला. त्यांच्याच कापसाच्या गोडाउनमध्ये, २१ डिसेंबरला. सोनगीरहून व्याही येणार, एकूण साठ माणसं. व्याह्यांच्या घरात पुढच्या उन्हाळ्यात तीन लग्नं आहेत. ती तिन्ही मला मिळाली की स्टुडिओ वाचला. या तीन लग्नांचं हेमलताला आताच सांगत नाही. तिला एकदम धक्का देऊ.

३० नोव्हेंबर, रविवार.

साहित्य जमलं. वारा: गवताच्या ताट्या काढलेला कूलर, दोन नग. तुषार: फवारणीचा पंप, कोरा, औषध न लागलेला. थरथर: जुन्या मिक्सरची मोटर. एकाच खुर्चीपुरती आहे, ती व्याह्यांना.

वासाची अडचण. ऑनलाइन बाटल्या मिळतात, पण लव्हेंडर आणि लिंबू. आमच्या लग्नात लव्हेंडरचं काय काम? पंगतीच्या सीनला वास पाहिजे घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा आणि बट्टीवर सोडलेल्या तुपाचा. म्हणून वना आचारीच सांगितला. गोडाउनच्या मागे चूल. बाविसाव्या मिनिटाला फोडणी. भाजी एकच पातेलं, फक्त वासापुरती.

७ डिसेंबर, रविवार.

ट्रायल उत्तम. सगळी बटणं झुलालनानांकडे. नाना रिटायर्ड लाइनमन, मूळ शिंदखेड्याचे, कानाने थोडे कमी. एका बटणापासून दुसऱ्यापर्यंत चालत जातात, त्यामुळे प्रत्येक इफेक्ट तीन मिनिटं उशिरा येतो. तेवढा फरक स्टँडर्डला चालत असेलच. नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "बठ्ठं बेस शे भाऊ, पन माले थंडी वाजस." म्हणजे वारा परिणामकारक आहे.

हेमलताने विचारलं की पाहणाऱ्याला काय हवं, काय नको, ते कोणी विचारतं का यात. शोधलं. आहे! प्रेक्षकाच्या आवडीनिवडीचा आख्खा भाग आहे. शो झाला की वाचेन. आधी विचारत बसलं तर कलाकृती व्हायची कधी?

२० डिसेंबर, शनिवार.

सर्व तयारी पूर्ण. वनाला तीनदा सांगितलं, बाविसावं मिनिट. त्याने मान हलवली. त्याच्याकडे घड्याळ नाही, पण तीस वर्षांचा अनुभव आहे.

२१ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ५.

शांतपणे लिहितो.

शो अकराला सुरू. वरातीचा वारा मंगलाष्टकात आला आणि पडदा फुगला. नवरदेव दोन मिनिटं गरोदर दिसला. लोक हसले, म्हणजे रमले.

नवव्या मिनिटाला फोडणीचा वास. वनाचं म्हणणं, भाजी तिच्या वेळेला होते, तुमच्या नाही. इलाज काय! आधी सोनगीरचे एक आबा उठले आणि बाहेर जाऊन हात धुऊन बसले. आपल्याकडे हा वास सुटला की बोलावणं लागत नाही, पंगत मांडलीच असं धरतात. पाचेक मिनिटांत साठच्या साठ माणसं अंगणात, चपला काढून, दोन रांगांत. व्याही मधोमध.

आणि भाजी एक पातेलं.

रतिलाल अण्णा माझ्याकडे पाहत होते. व्याही पंगतीला बसले, आता त्यांना उठा कसं म्हणणार? अण्णांनी वनाला पीठ, डाळ, तूप, वांगी, जे लागेल ते आणायला पिटाळलं. साठ माणसांचं वरण-बट्टीचं जेवण व्हायला दोन तास लागले. लोक रांगेत बसून राहिले. गप्पा चांगल्या रंगल्या.

आत शो चालूच होता, कारण नानांना काही ऐकू गेलं नव्हतं. पाहायला एकटी हेमलता. डोक्यावरून पदर घेऊन, व्याह्यांच्या खुर्चीवर, थरथरत. पाठवणीच्या सीनला नानांनी पंप मारला आणि ती चिंब झाली. तेव्हा म्हणाली, "पंप बंद करा हो. लेक निघाली की डोळे आपले आपण भरतात." मी लिहून घेतलं: तुषारांचा जोर कमी करणे.

निष्कर्ष: वास हा इफेक्ट शंभर टक्के यशस्वी. अण्णांनी पेनड्राइव्ह घेतला. पाठ फिरवून निघाले. भारावले असावेत.

२४ डिसेंबर, बुधवार.

अण्णांचा फोन. सोनगीरकर फार खूश. तिन्ही लग्नांची ऑर्डर पक्की केली.

वना आचारीला.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

शटर खाली केलं. कुलूप हेमलतानेच लावलं. हातावर तिळगूळ ठेवला, मुदतीचं नाव काढलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. स्टुडिओचं वाटलं, आणि त्या ओल्या पदराचंही.

१९ जानेवारी, सोमवार. जळगाव.

चेंबर पाहून थक्क झालो. तापमान, वारा, दमटपणा, वर पिकवण्याचा गॅस. सगळं ठरल्या वेळेला, ठरल्या प्रमाणात. हे तर माझंच क्षेत्र! आणि क्रेटमधून एकही प्रेक्षक उठून जात नाही. मगनभाऊंना तीन सुधारणा सुचवल्या. त्यांनी सगळ्या बटणांवर चिकटपट्टी लावली. माझं काम दार उघडणं आणि लावणं.

दुपारी तो राहिलेला भाग वाचून काढला. प्रेक्षकाच्या आवडीनिवडी. रकाने भरायचे असतात. माझा शेवटपर्यंत बसलेला प्रेक्षक एकच, म्हणून हेमलताला फोन केला. वारा? नको. पाणी? अजिबात नको. वास? घरी आहे तेवढा पुरे. मग काय हवं म्हणून विचारलं, तर म्हणाली,

"तुम्ही सहाच्या एसटीने घरी या."

रकाना नव्हता. हाताने आखला, मोठ्या अक्षरांत लिहिलं: घरी, सहाची एसटी. आजवरची सगळ्यात नीट भरलेली फाइल. अक्षर सुकू दिलं, घडी घातली आणि स्टँडवर गेलो.

एसटी निघून तीन मिनिटं झाली होती.