दाराबाहेर मिनिटभर

१ डिसें., सोम.
बीपी पुन्हा वर. डॉक्टर म्हणाले, गोळी वाढवू, नाहीतर स्वतःला जरा आवरा. आवरा म्हणे. मी काय पसारा आहे?
दुपारी ऑफिसात माइंडफुलनेसच्या बाई. अख्ख्या मजल्याला डोळे मिटून बसवलं. माझा फोन मांडीवर थरथरत होता. एक गोष्ट मात्र पटली: घरी पोचलात की दाराबाहेर मिनिटभर थांबा, शांत श्वास घ्या, ऑफिस तिथेच ठेवा, मग बेल वाजवा. करून बघतो. काल इरावर ओरडलो. पेन्सिलला टोक करत होती, त्या आवाजावरून. नऊ वर्षांची पोर. लाज वाटते.

२ डिसें., मंगळ.
सायलीला सांगितलं. लग्नाला बारा वर्षं झाली तरी बायको अस्सल पेठेतलीच. "डोळे मिटलेस तरी चेहरा अप्रेझलचाच आहे."
सकाळचा चहा फोन बाजूला ठेवून, लक्ष देऊन प्यायलो. साखर नव्हती हे शेवटच्या घोटाला कळलं. खराडीच्या सिग्नलला श्वासाकडे लक्ष. मागून एक स्कूटरवाला: "काका, हिरवा झालाय! पिकायची वाट बघताय का?"
संध्याकाळी दाराबाहेर थांबलो. एवढंच जमलं.

५ डिसें., शुक्र.
सॉफ्टवेअरचं रिलीज सोमवारवर ढकललं. म्हणजे शनि-रवि गेले. क्लायंट गोड बोलून गळा कापतो. लिफ्टमध्ये दात आवळलेले. तरी थांबलो, श्वास घेतला, बेल वाजवली. आत घर कसं शांत! टीव्ही बंद, इरा पुस्तक घेऊन बसलेली, सायली भाजी निवडतेय. उपयोग होतोय म्हणायचा. फार बरं वाटलं.

९ डिसें., मंगळ.
आई आली अकोल्याहून. पंधरा दिवस तरी राहा म्हटलंय.
डोळे मिटले की डोळ्यांपुढे मेल. श्वास आत, कुणीतरी कोड मोडून ठेवला. श्वास बाहेर, कॉल कधी आहे. कसलं काय.
घरी मात्र तीच शांतता. जेवताना इराला गॅदरिंगचं विचारलं. "मी नाहीये त्यात." का? "असंच." सायली ताटात बघत होती. पुढे विचारणार होतो, तर फोन वाजला.

१२ डिसें., शुक्र.
आज कळलं.
जेवण झाल्यावर आई सुपारी कातरत बसली होती. म्हणाली, "तू दाराभाईर उभा राह्यला का अंदर नुसती पयापय होते रे. पोरगी दाराच्या काचेतून पाह्यते, 'बाबा आला' म्हणते, का टीव्ही बंद अन् खेळणे दिवानाखाली. मी बी पाय खाली घेतो." हसत सांगत होती. मला हसू आलं नाही.
सायलीला विचारलं. आधी म्हणाली जाऊ दे. मग म्हणाली, "तू बाहेर श्वास घेतोस ना, तेवढाच वेळ मिळतो आम्हाला आवरायला."
गॅदरिंगच्या नाचाचंही तेच. इराला घेतलं होतं. घरी सराव करायचा होता. सायलीनेच शाळेतल्या बाईंना सांगितलं, आमच्याकडे आवाज चालत नाही.
आणि मी समजत होतो, शांतता मी आणतोय. माझी मुलगी मला घाबरते. लिहूनच ठेवतो, म्हणजे उद्या सोयीचं काही वाटायला नको.

१३ डिसें., शनि.
शाळेतल्या बाईंना फोन केला. म्हणाल्या, "घेऊ की अजून, पण तिची इच्छा हवी. तुमची नव्हे." बरोबर आहे.
इराला विचारलं. "बघू." अगदी माझ्यासारखं, वर न बघता.
दुपारभर घरात फिरत होतो. बसलो की कुणीतरी उठून जातंय असं वाटायचं. सायली म्हणाली, "अरे बस की एका जागी. आम्ही काही पळून जात नाही."

१६ डिसें., मंगळ.
वाईट दिवस. क्लायंटने सगळ्यांसमोर झाडलं, मी टीमला झाडलं. सवयीने दाराशी पाय थांबलेच. पण उभा राहिलो नाही, किल्लीने दार उघडलं आणि सरळ आत.
गाणं मोठ्याने चालू. इरा हॉलच्या मधोमध, कमरेला सायलीची ओढणी, आई दिवाणावर टाळ्या वाजवतेय. मला पाहिलं आणि इरा स्पीकरकडे धावली. सगळं गप्प.
"लाव ना," म्हटलं. तिने आधी सायलीकडे बघितलं. मग लावलं, अगदी बारीक. नाचली. पण नजर सगळा वेळ माझ्या तोंडावर. खिशात फोन थरथरत होता, नाही काढला. एक स्टेप चुकली तशी थांबली, माझ्याकडे बघत. मी नुसती मान हलवली. तिने पुन्हा पहिल्यापासून केलं.
दुपारचा राग अजून तसाच आहे छातीत. दाराबाहेर ठेवायचा नाही, तर ठेवायचा कुठे? माइंडफुलनेसच्या बाईंनी हे काही सांगितलं नाही.
पलीकडच्या खोलीत सायली तिला झोपवतेय. आत्ताच ऐकलं. "आई, उद्या बाबा थांबून येणारे की डायरेक्ट?"