मातीचा म्हातारा आणि माझं रडू

रविवार, मुलुंड. दिवेलागण.

आज नातीसमोर खोटं बोललो. तेही अश्रूंबद्दल!

इरा आणि मी टीव्हीवर मातीच्या बाहुल्यांचा सिनेमा बघत होतो. त्यातला म्हातारा गेलेल्या बायकोसाठी रोज दुसरा कप भरतो. पण मला रडवलं ते त्याच्या गालाने. बाहुली घडवणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा तिथे तसाच राहिला होता, कुणी नुकतंच गोंजारल्यासारखा. तो ठसा पुन्हा दिसला आणि मला हुंदकाच फुटला. इराही खुशाल रडत होती.

तेवढ्यात माझा मुलगा आत आला. "बाबा, रडताय?"

"छे रे! ऑपरेशन झाल्यापासून डोळ्यांतून पाणी येतं."

"आणि तू गं?"

इराने माझ्याकडे पाहिलं, भराभर गाल पुसले. "माझ्या पण डोळ्यात कचरा गेला, पप्पा."

शाळेत मुलांना कविता शिकवताना माझा गळा दाटायचा, तेव्हा अख्ख्या वर्गासमोर लाजलो नाही. मग स्वतःच्या मुलासमोर का? पोरीला कविता मी शिकवल्या, आणि आता हेही मीच शिकवलं.

उद्या चहाच्या वेळी तिच्यादेखत त्याला खरं सांगणार आहे.

उद्या कशाला? दोघं बाहेरच तर बसलेत.