सत्तावीस दिवसांची सुट्टी

लेव्हन, फाइफ
२४ जून

चि. सौ. जिलियन हिस अनेक आशीर्वाद. तुला ते नको असतील, पण सुनेच्या पत्रावर घालायची रीत आहे म्हणून घातले.

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद मध्ये तोंड घालत नाही. एली शनिवारी सकाळी निघेल, एडिंबराला गाडी बदलेल आणि तीनच्या सुमारास डार्लिंग्टनला उतरेल. वेळेवर ये. मागच्या खेपेला माझी नात पाऊण तास स्टेशनच्या बाकावर बसून होती.

तिची शाळा शुक्रवारी सुटते. नॅशनलच्या परीक्षा मे महिन्यातच आटोपल्या, आणि जूनमध्ये नेहमीप्रमाणे पुढचा वर्ग सुरूही झाला. पुढच्या वर्षीच्या हायरच्या परीक्षेला तिनं पाच विषय घेतलेत. जीवशास्त्राचे सर तिच्यावर खूश आहेत. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तीस वर्षं त्या शाळेच्या स्वयंपाकघरात मी सगळ्या मास्तरांना जेवू घातलंय, तेव्हा बातम्या मला घरबसल्या कळतात.

तुम्ही सायप्रसला गेलात तेव्हा पोरीला वर्षभरासाठी म्हणून माझ्याकडे ठेवलंत. त्या वर्षाला आता चार वर्षं झाली. तक्रार नाही, आठवण दिली. सुट्टीत तिला भरपूर झोपू दे आणि सुट्टी संपली की परत पाठव. फ्रेझर पुन्हा सहा महिने वाळवंटात गेल्याचं कळलं. माझ्या मुलाला घर सोडून सगळीकडे करमतं.

रेनकोट बॅगेत आहे. साखर-लोण्याच्या वड्या डब्यात आहेत, त्या एलीसाठी आहेत. लोभ आहे तेवढा पुरे.

तुझी सासू,
इझोबेल रिंटूल

*

कॅटरिक छावणी
३ जुलै

ती. सासूबाई यांस सा. न. वि. वि.

एली सुखरूप पोचली. मी वीस मिनिटं आधी हजर होते, याची कृपया नोंद घ्यावी.

घरात पाऊल टाकल्यावर ती पहिलं काय म्हणाली, सांगू? मी पाणी पिऊ का, असं तिनं मला विचारलं. स्वतःच्या आईच्या घरात, पाण्याच्या नळासमोर उभी राहून! मी हो म्हटलं, आणि न्हाणीघरात जाऊन रडले. हे तुम्ही चार वर्षांत केलंत.

तर आता ऐका. इकडे इंग्लंडात शाळा २२ जुलैपर्यंत चालू असतात. तुमच्या शाळेला कुलूप लागलं म्हणजे सगळ्या देशाला लागलं असं नसतं. सोमवारपासून एली इथल्या शाळेत दहावीच्या वर्गात बसते आहे. तीन आठवडे सवय होईल आणि सप्टेंबरमध्ये ती इथेच अकरावीत जाईल. आम्हाला हे घर मिळालंय, दोन वर्षं तरी हलायचं नाही, आणि माझी मुलगी माझ्याजवळ राहणार. फ्रेझरला विचारलं. तो म्हणाला, तुम्ही दोघी काय ते ठरवा. मी ठरवलं.

शाळा बदलून पोरं मरत नाहीत. मी फौजीची मुलगी, सात शाळा केल्या. मला अपूर्णांक आजतागायत येत नाहीत, कारण एका शाळेत ते व्हायचे होते आणि पुढच्या शाळेत होऊन गेले होते. पण सातही शाळांतून घरी आले की दार आईच उघडायची. बाकीचं मी निभावून नेलं.

रेनकोट बॅगेत नव्हता. कुठे विसरलीस म्हणून एलीला विचारलं, तर तिनं नुसते खांदे उडवले.

कळावे,
आपली सून, आणि एलीची आई,
जिलियन

*

लेव्हन
७ जुलै

जिलियन, या खेपेला आशीर्वाद नाहीत.

सुट्टीला म्हणून बोलावलंस आणि पोरीला शाळेत डांबलंस! सगळ्या मैत्रिणी समुद्रावर हुंदडताहेत आणि ती परक्या वर्गात मागच्या बाकावर. असली लबाडी करायला डोकं लागतं, ते तुला आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. मी बावळट. जूनअखेर सगळीकडे शाळा बंद होतात असंच धरून चालले होते.

आता डोकं थंड ठेवून वाच. मे महिन्यात तिनं सात विषयांची परीक्षा दिली. इथे राहिली तर पुढच्या मेमध्ये ती हायर देईल, म्हणजे विद्यापीठाच्या दारात उभी राहील. तुझ्याकडे ती काय करणार? इथे जी परीक्षा देऊन झाली, तिच्याच तोलाची तुमची परीक्षा पुन्हा देणार. तीही दोन वर्षांच्या अभ्यासातलं पहिलं वर्ष न शिकता! जिना चढून वर गेलेल्या पोरीला तू मधल्या पायरीवर आणून ठेवते आहेस. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. तुला माहीत होतं का? खरं सांग.

फ्रेझरचे वडीलही फौजेतच होते. दर दोन वर्षांनी बदली. मी या घरातून हलले नाही, म्हणून फ्रेझर पहिलीपासून शेवटपर्यंत एकाच गावात शिकला. त्याला कुणी विचारलं नाही की तू कुठला.

एलीला परत पाठव. तुझ्या लोभाची मला गरज नाही, तिला शिक्षणाची आहे.

इझोबेल रिंटूल

*

कॅटरिक
१३ जुलै

श्रीमती रिंटूल यांस, नमस्कार.

हो, फ्रेझर एकाच गावात शिकला. आणि वडील रजेवर आले की मागच्या दारानं पळून जायचा, कारण घरात शिरलेला हा दांडगा माणूस कोण, हे त्याला समजायचं नाही. हे त्यानंच मला लग्नाआधी सांगितलं. तुम्हाला नाही सांगितलं, सांगण्याची तुमच्या घरात सोय नव्हती. आज तोच माणूस स्वतःच्या मुलीशी फोनवर पाऊस पडतोय का, एवढंच बोलतो. झाला ना एकाच गावात शिकून शहाणा?

जनावरांच्या डॉक्टरचं मला माहीत नव्हतं. मान्य. पण मला ते कळू नये याची व्यवस्था कोणी केली? दर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तुमचा फोन यायचा, पोरीला धाडून दे. सायप्रसला माझ्या शेजारणींची मुलं सप्टेंबरपर्यंत पाण्यात डुंबत असायची आणि माझीच विमानात. मी म्हणायचे, म्हातारीला करमत नाही, जाऊ दे. तीच माझी चूक.

तुमच्या शाळेला मी पत्र टाकलंय, एलीचं नाव पटावरून काढा म्हणून. विषय संपला.

जिलियन

*

लेव्हन
६ ऑगस्ट

चि. सौ. जिलियन हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

निकालाचं पाकीट काल इथे आलं. एलीनं फोनवर सांगितलं म्हणूनच उघडलं. सातपैकी सहा विषयांत वरची श्रेणी, फ्रेंचमध्ये दुसरी. मी खुर्चीत बसून दोनदा वाचलं. तुलाही आनंद झाला असेलच, आई आहेस.

महिनाभर विचार केला. मी आता बहात्तर वर्षांची, भांडून काय मिळवायचं? पोर तुझी, घर तुझं, निर्णय तुझा. मी हरले, असं समज. फक्त एक मागते. तिचे कपडे, पुस्तकं, सायकल सगळं इथे आहे, मांजर तिच्या गादीवरून उठत नाही. सामान आवरायला आणि चार जणींचा निरोप घ्यायला तिला पंधरा दिवस पाठव. तुमची शाळा सप्टेंबरातच उघडते ना? १५ ऑगस्टला पाठवलीस तर ३१ला परतीच्या गाडीत मी स्वतः बसवून देईन.

रेनकोट इथेही सापडत नाही. लोभ वाढो.

तुझी,
इझोबेल

*

कॅटरिक
९ ऑगस्ट

ती. सासूबाई यांस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुम्ही असं लिहाल असं वाटलं नव्हतं. मीही जुलैत जरा जास्तच बोलले. पंधराच्या गाडीनं एलीला पाठवते. इथला गणवेश आणून ठेवलाय, निळा कोट तिला छान दिसतो.

सहा वरच्या श्रेणी! मी सगळ्या गल्लीत सांगून आले.

आपली,
जिलियन

*

कॅटरिक
२२ ऑगस्ट

इझोबेल रिंटूल,

नमस्कार कुठला आणि काय कुठला.

काल सकाळी मी दुकानात रांगेत उभी असताना फोनवर निरोप आला. तुमच्या शाळेकडून. आपली मुलगी आज पहिल्या तासाला दहा मिनिटं उशिरा आली, याची पालकांनी नोंद घ्यावी! मी तीनदा वाचलं. निरोप चुकून आला म्हणून शाळेत फोन केला. तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, चूक नाही, शाळा १९ तारखेलाच उघडली, एली तेव्हापासून रोज येते, हायरच्या वर्गात. आणि माझं नाव काढण्याचं पत्र? ते सुट्टीत आलेल्या ढिगात आहे, अजून कुणी फोडलेलं नाही. एलीची आजी रोज दारापर्यंत सोडायला येते, किती प्रेमळ आहे, असंही त्या म्हणाल्या.

मी हरले असं समज, म्हणे! पंधरा दिवस निरोपाला, म्हणे! बहात्तर वर्षांच्या बाईनं इतकं खोटं लिहावं आणि वर मांजराची शपथ घालावी! तुम्हाला लाज नाही. ३१ला एली गाडीतून उतरली नाही तर मी स्वतः येऊन तिला घेऊन जाईन, आणि त्यानंतर तुम्हाला तिचा आवाजही ऐकू येणार नाही. हे मी शांतपणे लिहिते आहे.

जिलियन

*

लेव्हन
२६ ऑगस्ट

जिलियन हिस,

तू जूनमध्ये जे केलंस तेच मी ऑगस्टमध्ये केलं. तू केलंस ते आईचं प्रेम आणि मी केली ती लबाडी?

मांजराबद्दल मी खोटं लिहिलं नाही. ते खरंच उठत नाही.

आणि एक सांग. चार वर्षं तुझी मुलगी या शाळेत शिकली. चार वर्षं दर ऑगस्टच्या मध्याला शाळा उघडली. मी फोन करायचे तो करमत नाही म्हणून नव्हे, तर उशीर होईल म्हणून. चार वर्षांत तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की तिची शाळा उघडते कधी? अगं, मी तुला फसवूच शकले नसते, तुला एवढं जरी ठाऊक असतं तर!

ये. दार उघडं आहे. एलीला कोण नेतं ते मीही बघते.

इझोबेल रिंटूल

*

लेव्हन
३० ऑगस्ट

ती. आई आणि ती. आजी यांस सा. न. वि. वि. नावं बाराखडीप्रमाणे लिहिली आहेत, त्यावरून भांडू नका.

हे एकच पत्र मी दोनदा लिहिलंय. एक पोस्टात टाकते, दुसरं जेवणाच्या टेबलावर ठेवते. एकीला दुसरीपेक्षा एक ओळही जास्त मिळालेली नाही.

तुमची सगळी पत्रं मी वाचली. आई स्वतःची पत्रं टाकण्याआधी मोठ्यानं वाचते, भिंती पातळ आहेत. आजी तिला आलेली पत्रं आणि स्वतःच्या पत्रांच्या नकला बिस्किटांच्या डब्यात ठेवते आणि डब्याला कुलूप नाही. दोघींनी खूप छान लिहिलंय. मला कोणी काय विचारलंय ते मी शोधलं. एकच प्रश्न सापडला: रेनकोट कुठे विसरलीस?

रेनकोट एडिंबराला गाडी बदलताना मी मुद्दाम बाकावर ठेवला. तो मला तेराव्या वर्षी घेतला होता आणि आता त्याच्या बाह्या कोपरापर्यंतच येत होत्या. दोघींपैकी कोणीतरी बघेल असं वाटलं होतं.

आता सुट्टीचं सांगते. इथली शाळा संपली आणि तिसऱ्या दिवशी तिथली सुरू झाली. तिथे एक नाटक अर्ध्यावर शिकवून झालं होतं, मला पुढचं अर्धं दिलं. मागे काय झालं ते मी कुणाला विचारलं नाही, कारण शेजारी कुणी बसत नव्हतं. तिथली संपली आणि इथली सुरू झाली. मध्ये मला सत्तावीस दिवस मिळाले. त्यातला एक गाडीत गेला. बाकीच्या दिवसांत आईचा चेहरा बघून टपालात काय आलं असेल ते ओळखायचे. आता बुधवारी तिथे हजेरीत माझं नाव घेतील आणि इथेही घेतील. दोन्हीकडे माझी खुर्ची आहे. आई, तू चार वर्षांत शाळा कधी उघडते ते विचारलं नाहीस, हे खरं आहे. आजी, मला पहिल्या दिवशी दारापर्यंत सोडताना तू म्हणालीस, आईला आत्ता सांगू नकोस. हेही खरं आहे.

मी ठरवलंय. मी इथेच राहणार. आजी, लगेच केटल ठेवायला उठू नकोस, पुढचं वाच.

नोव्हेंबरात मला सोळा पुरी होतात. तिकडे इंग्लंडात अठरापर्यंत कुठे ना कुठे शिकत राहावंच लागतं. इथे सोळा झाली की नाताळच्या सुट्टीला शाळा सोडता येते, आणि त्याला कुणाचीही परवानगी लागत नाही. ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं. पश्चिम किनाऱ्याला बेटांवर जाणाऱ्या बोटींवर शिकाऊ मुली घेतात, झोपायला बोटीतच जागा देतात. तिथे दोघींपैकी कोणाचंच घर नाही. मी इथे राहतेय ती याच कारणासाठी, आजीसाठी नाही.

शाळा सोडायचा फॉर्म आणून जीवशास्त्राच्या पुस्तकात ठेवलाय. अजून भरलेला नाही. मला अजूनही जनावरांची डॉक्टर व्हायचंय. पण रोज पुस्तक उघडलं की आधी तो दिसतो.

आई, तुला यायचं असेल तर ये, पण मला न्यायला येऊ नकोस. नाताळपर्यंत एकमेकींना पत्रं लिहू नका. मला लिहा, आणि लिहिताना काहीतरी विचारा.

तोवर दोघींचा माझ्यावरचा लोभ थोडा कमी असावा, ही विनंती.

तुमची,
एली