सटकला, लटकला वगैरे

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
पुरे झालं! जुन्या भिंतीवरच्या घड्याळांच्या दुरुस्तीचा ऑनलाइन फोरम मी अकरा वर्षं चालवतोय. चालक आहे मी. घरात माझं कोण ऐकतं ते सोडा, तिथे तीनशे माणसं ऐकतात. आणि काल 'ढिला स्क्रू' नावाने वावरणाऱ्या त्या टोळभैरवाने सगळ्यांदेखत लिहिलं की टकला सांगतोय ना, मग उलटंच करा. त्यावर एकोणतीस जण हसले. यादी केली आहे.
हाकलला तर भाव खाईल. थंड डोक्याने सूड घ्यायचा. ही म्हणाली, डोकं थंड राहायला तुम्हाला काय अडचण, वर आहे काय?

४ मार्च
मेव्हण्याला बोलावलं. सॉफ्टवेअरवाला आहे. योजना अशी: सगळ्यांना शंभर गुण, मलाही शंभरच (मोठेपणा). उपयोगी उत्तराला लोकांनी मत दिलं की गुण वाढणार, उणे मत दिलं की घटणार. मत द्यायला स्वतःकडे किमान दहा गुण हवेत. फिल्टरमध्ये बंदी असलेला शब्द सापडला की वीस गुण कट, आणि ती पोस्ट फक्त लिहिणाऱ्यालाच दिसणार. बसेल बोंबलत! दर पंधरा तारखेला ज्याचे गुण जास्त तो चालक. म्हणजे मीच, पण लोकशाहीने.
बंदी एकाच शब्दावर: टकला. मेव्हण्याने विचारलं, भाऊजी, अख्खा शब्द पकडू की दुसऱ्या शब्दाच्या पोटात असला तरी? म्हटलं, पोटात, पाठीत, कुठेही. सुटता कामा नये. नीट विचार करा, असं दोनदा म्हणाला. घाबरट.

५ मार्च
ढिल्या स्क्रूचे वीस गुण गेले! चहा दोनदा घेतला.

६ मार्च
नालायक आता आदराने 'टकले साहेब' लिहितो. फिल्टरमध्ये 'टकले' आणि 'टकली' पण घातले. सहकुटुंब बंदोबस्त.

९ मार्च, रविवार
फोरमवर काय शांतता! दिवसभरात चार पोस्ट. शिस्त म्हणतात ती हीच.
निवृत्त मास्तरांचा फोन. म्हणे मी फक्त एवढंच लिहिलं की लंबक सटकला, मग लटकला, तर माझे चाळीस गुण गेले. म्हटलं, मास्तर, फिल्टर खोटं बोलत नाही. यादीत तिसावे.
ढिला स्क्रू हल्ली 'सटकला' न लिहिता 'निसटला' लिहितो. शिष्ट मेला! त्याच्या उत्तरांना मतंही पडतायत.

१२ मार्च
रविवारी सासरे येणार. त्यांनी लग्नात दिलेलं घड्याळ बंद आहे. ही म्हणाली, एवढे चालक आहात ना, मग चालवून दाखवा. दोन तासांचं काम.

१३ मार्च
दोन तासांचं नाही. मिनिटकाटा सारखा गळून पडतो. ही दर तासाला येऊन बघते. नुसती बघते. ते जास्त लागतं.

१४ मार्च, दुपारी १२.३०
फोरमवर टाकलं, परीक्षा घेतल्याच्या थाटात: काटा सटकला, बसवला तर लटकला, का ते सांगा पाहू.

दुपारी ३
एकही उत्तर नाही. अकरा वर्षं या लोकांसाठी झिजलो! पुन्हा लिहिलं: दोन्ही काटे लटकले आणि आता माझी सटकली आहे.

संध्याकाळी ६
सन्नाटा. शेवटचं लिहिलं: ज्याला माझा प्रश्न खटकला, त्याने समोर यावं. कुणी आलं नाही. खरं सांगायचं तर रडू आलं.

१५ मार्च
मेव्हण्याचा फोन. भाऊजी, तुमचे गुण शून्य. तुमच्या पोस्ट तुमच्याशिवाय कुणालाच दिसल्या नाहीत. 'सटकला'च्या पोटात 'टकला' आहे. 'लटकला'च्या, 'खटकला'च्यासुद्धा. घड्याळवाल्यांनी लिहायचं तरी काय? हसत होता. खोकला झालाय म्हणे.
आज पंधरा. नवा चालक: ढिला स्क्रू.

१६ मार्च, रविवार
त्याने आल्या आल्या फिल्टर काढला. माझ्या तिन्ही पोस्ट सगळ्यांना दिसल्या. चौसष्ट जण हसले. यादी करायचं त्राण नाही.
खाली त्याचं उत्तर: टकले साहेब, काट्यामागची चकती उलटी बसली आहे, सुलटी करा.
केली. घड्याळ चालू. सासरे म्हणाले, वा जावईबापू, हात आहे तुमच्यात! ही तोंड फिरवून हसली.
लगेच फोरमवर गेलो आणि त्या उत्तराला उणे मत दिलं. पडद्यावर आलं: आपले गुण शून्य आहेत. मत देण्यासाठी किमान दहा गुण हवेत.
वाक्य मीच लिहून दिलं होतं. 'आपले' हा शब्दही माझाच, सभ्यपणा म्हणून.